रिकामं परत करू नये

उयांगाने बूट दिले ते जानेवारीत.
उलानबातरच्या जानेवारीत,
जेव्हा पापण्यांवर श्वास गोठतो
आणि ट्रॉलीबसच्या काचेवरचं बर्फ नखाने खरवडून
आपला थांबा आला का ते बघावं लागतं.

नमद्याचे बूट, तिच्या आईने झवखानला
घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचे केलेले.
"तुझे ओले होतात ना," म्हणाली, "घे.
मला नाही लागणार."

मी घेतले.
वर म्हणाले, आईच्या हाताला गुण आहे तुझ्या.

आता मागे वळून चाचपलं की सगळं हाताला लागतं.
वसतिगृहाचा हीटर असा की डिसेंबरातही
खिडकी किलकिली ठेवून झोपायचं.
आम्ही गंजिफ्रॉकवर,
आणि ती बोटांपर्यंत ओढलेल्या बाह्यांत.
"आजीबाई, उकडत नाही का?"
हे मीच म्हटलं होतं. खोली हसली होती. तीही.

खनिजशास्त्राचा पेपर दुसऱ्यांदा राहिला.
आईचा फोन वाजून वाजून गप्प व्हायचा.
कॅल्क्युलेटर दुसऱ्या मजल्यावरच्या नोमुंदारीला,
चहाचा मोठा मग कुणाला तरी.
रेक्टरबाई म्हणाल्या, परीक्षेचं वारं आहे,
मार्चमध्ये उतरेल.

त्या रात्री ग्रंथालयातून परतताना
माझे पाय इतके उबेत होते
की मध्येच भीती वाटली.
उणे चौतीस.
हिच्याकडे दुसरे बूट नाहीत.
कुठे निघालीय ही, जिथे पायांचं कामच नाही?

नमद्याच्या बुटांनी बर्फावर धावता येत नाही.
दोनदा पडले. चार जिने.
दार लोटलेलं. तिची बाजू
कधी नव्हे इतकी आवरलेली.

आमच्याकडे अभद्र बोलत नाहीत.
बोलाफुलाला गाठ पडते, शब्द जाऊन घडवून येतो.
मी दारातच, धापा टाकत, विचारलं,
"उयांगा, तू मरायचा विचार करतेयस का?"

काहीच कोसळलं नाही.
पाइपातलं पाणी गुरगुरत राहिलं.
ती म्हणाली, "हो."
आणि मग, "दार लाव. गार वारा येतोय."

गार वारा येतोय.
मला धरायला तेवढंच मिळालं, मी तेच धरलं.
दार लावलं.

शहाणं काहीच सुचलं नाही.
म्हणाले, तुझे बूट मला होत नाहीत.
धडधडीत खोटं. ती बघत होती, पायात होते.
कुणाकडून आलेलं भांडं रिकामं परत करू नये,
चार मनुके तरी घालावेत, आई सांगायची.
बुटांत काय घालतात मला माहीत नव्हतं.
मी माझेच पाय घालून आणले होते.

पहाटेपर्यंत खारट चहा, हेल्पलाइनवरचा एक जाड आवाज,
घाई न करणारा.
सकाळी इस्पितळ. चिठ्ठीवर सत्तेचाळीस नंबर.
डॉक्टरीणबाईंनी बाह्या वर करायला सांगितल्या
तेव्हा मी भिंतीवरचा दात घासण्याचा तक्ता
पहिल्या ओळीपासून वाचला.

ती माझ्यावर चिडली. चांगलीच.
"गावभर केलंस," म्हणाली,
आणि अकरा दिवस बोलली नाही.
तिची आई आली, दोन रात्री बसने,
कोपऱ्यात बसून नुसते मोजे विणत राहिली.
मार्च आला. काही उतरलं वगैरे नाही.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, झोप यायची,
मंगळवारी ती समुपदेशकाकडे जायची,
एका मंगळवारी गेली नाही, पुढच्या गेली.

मी बूट परत केले तेव्हा
उलटे करून बघत म्हणाली,
"सोलोंगो, टाच वाकडी झिजवलीस की गं.
तळ लावून दे."

चांभार म्हणाला, महिना लागेल. हात एकटा आहे.
तोवर माझे घाल, मी म्हणाले, ओले होतात पण.
तिने तारीख विचारली.
एकोणीस एप्रिल.

उशीखालून वही काढली,
पेन चालेना, झटकलं,
आणि लिहून घेतली.